रक्त दाबणारे मेहरे डॉक्टर

मेहरे डॉक्टरांना कुणी विचारलं, "डाक्टर, माहा बीपी कसा हाय?" तर ते कानातली नळी काढत शांतपणे म्हणत, "हाय." विचारणारा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला की मग पुढचं वाक्य यायचं. "हाय म्हंजे हाय. नसता तं तुमी इथं बसले नसते, आडवे असते."

आमच्या भागात बीपी एक तर असतो, नाही तर नसतो. ज्याला असतो तो बिचारा, ज्याला नसतो तो नशीबवान. बीपी सगळ्यांनाच असतो, फक्त कुणाचा वाढलेला असतो, एवढी साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरवायचा डॉक्टरांनी विडा उचलला होता. त्यापायी त्यांनी ओढवून घेतली तेवढी भांडणं एखाद्या तलाठ्यानेही ओढवून घेतली नसतील.

किन्हीराजाच्या एका आजोबांना त्यांनी असंच सांगितलं, "बीपी हाय, एकदम झकास हाय." आजोबांनी 'झकास' ऐकलंच नाही. घरी जाऊन त्यांनी खाटेवर अंग टाकलं, लोणचं सोडलं, ठेचा सोडला आणि लेकींना निरोप धाडले. दोन-तीन दिवसांनी आजी पदर खोचून दवाखान्यात हजर. "काहून हो डाक्टर, माह्या बुढ्याले काय लावून देल्लं तुमी? मीठ खात नाई, मिरची खात नाई, आन् मलेच खाऊन राह्यला!" डॉक्टर इतके हसले की रांगेतल्या पेशंटांना वाटलं, यांनाच काहीतरी झालं. मग ते स्वतः किन्हीराजाला गेले, आजोबांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि सगळ्या लेकी-जावयांसमोर त्यांच्याबरोबर ठेचा-भाकर खाल्ली. आजोबा त्याच संध्याकाळी पारावर दिसले म्हणे.

मी मानोरा तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. मेहरे डॉक्टर सरकारी दवाखान्याचे, आमच्याकडे मुलांच्या तपासणीला यायचे. बेताची उंची, सुखवस्तू पोट, आणि हात मात्र रापलेले, मातीतले. शेलूबाजारकडच्या माळ्याच्या घरातला माणूस. भाऊ अजून भाजीपाला करत होता, त्यामुळे डॉक्टर आले की त्यांच्या एका हातात यंत्राची पेटी आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. शिक्षकांच्या खोलीत ते भाजी वाटायचे, तीही माणूस बघून. मुख्याध्यापक देशमुख सरांना कारली, गजानन शिपायाला वांगी, आणि मला दरवेळी मिरच्या. एकदा मी विचारलंच, "डॉक्टर, मला कधी तरी कोथिंबीर द्या की." तर म्हणाले, "म्याडम, मिरचीच्या घरी मिरचीच जाईन ना. भोपळा धाडला तं भांडनं होतीन." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. मिरच्या मात्र घेतल्या.

त्यांची पेटी म्हणजे पाऱ्याचं जुनं यंत्र. झाकण उघडलं की काचेची उभी नळी आणि तिच्यात चकाकणारा पारा. दंडाला पट्टा, पट्ट्यापासून पेटीपर्यंत रबराची नळी, हातात फुगा. बटणाची नवी यंत्रं आली तरी त्यांनी हे सोडलं नाही. "बटन आकडा सांगते, पारा गोष्ट सांगते," असं त्यांचं म्हणणं. पट्टा बांधायच्या आधी माणसाने पाच मिनिटं मुकं बसायचं, हा त्यांचा कडक नियम. तो नियम त्यांना स्वतःला लागू नव्हता. समोरचा मुका बसला की त्यांच्या गप्पांना जोर चढायचा. स्वतःचा बीपी मात्र ते कुणाला मोजू देत नसत. "डाक्टरचा पाह्यत नसतात, भरोसा उडते," म्हणायचे, आणि खिशातली गोळी पाण्याशिवाय गिळायचे.

एकदा देशमुख सरांच्या दंडाला पट्टा होता. पारा हळूहळू खाली येत होता आणि आम्ही सगळे चहा पीत बघत होतो. डॉक्टरांनी एकदम खिडकीकडे मान वळवली. "कोनाची गाडी आली जी? साहेबाची दिसून राह्यली." पारा उडालाच! सरांनी उजव्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावलं, डाव्या हाताला पट्टा तसाच. खिडकीबाहेर एक बकरी होती. "पाहा," डॉक्टर आम्हाला म्हणाले, "गाडी नाई, साहेब नाई, आन् पारा वर. आंगात भेव शिरलं का पारा चढते." सर आठवडाभर रागात होते. पुढच्या वेळची कारली त्यांनी तरीही पिशवीत भरून घेतली.

तर अशा माणसाला एक दुःख होतं, आणि ते ते हसत सांगायचे. त्यांच्या बरोबरीचे सोबती शहरात मोठे प्राध्यापक झाले होते. प्रत्येकाच्या नावावर संशोधनाचे पेपर. यांच्या नावावर एकही नाही. ही गोष्ट गजाननच्या कानावर गेली तेव्हा तो हळहळला. "डाक्टरसाहेबाचा पेपर राह्यला म्हनते म्याडम. एवढे शिकून? आमच्या पोट्ट्याचे तं दोनच विषय राह्यले." डॉक्टरांना हे इतकं आवडलं की पुढे ते ओळख करून देतानाच सांगायचे, "मी मेहरे. माहा एक पेपर राह्यला."

शेवटी त्यांच्या जुन्या सरांनीच त्यांना बोलावणं धाडलं. शहरात डॉक्टरांची मोठी सभा भरणार होती. वेगवेगळ्या समाजांतल्या वाढत्या वयाच्या मुलांच्या रक्तदाबात फरक असतो का, ते तुझ्या भागात पाहा आणि पेपर वाच. आमची नववी-दहावी या कामाला जणू मुद्दाम घडवलेली. निम्मी मुलं गावातली, कुणबी-माळ्यांची. निम्मी भोवतालच्या तांड्यांवरची, बंजारा समाजाची. डॉक्टर नवरदेवासारखे पेटी घेऊन आले. दारावर फळा लावला आणि त्यावर देशमुख सरांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: रक्तदाब तपासणी.

गावातली मुलं वेळेवर येतात, म्हणून आधी त्यांना आत घेतलं. तांड्यांवरची मुलं लांबून येतात, म्हणून ती मागून, व्हरांड्यात रांगेत. काम संपलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उजळला होता. "म्याडम, फरक निघाला! गावच्या पोट्ट्याइचा पारा शांत, आन् तांड्याच्याइचा वर. एकाचा नाई, झाडून साऱ्याइचा!"

फरक निघाला, आता त्याचं कारण हवं. डॉक्टरांचा पहिला संशय मिठावर. मीठ चाखायला म्हणून ते तांड्यावर गेले. तिथं घरोघरी आग्रह. नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग तुलनेसाठी गावातही तेवढ्याच घरी जेवले. दोन दिवस दवाखान्यात त्यांच्या जागी कंपाउंडर बसला होता. तिसऱ्या दिवशी आमच्या खोलीत येऊन खुर्चीत टेकत म्हणाले, "मीठ तं गावातच जास्त हाय जी. पापड, लोनचं, कुरड्या. मीठ नाई, तं मंग रक्तातच असंल काई."

हे शेवटचं वाक्य त्यांनी ढेकर द्यावा तितक्या सहज म्हटलं. पण तिथं आमचे खेळाचे तायडे सर बसले होते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: तांड्यावरच्या पोरांचं रक्तच गरम, डॉक्टरने यंत्र लावून पाहिलं. हे गावाला नवीन नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या लोक मागून हेच बोलत आले होते. आता त्यावर डॉक्टरचा शिक्का बसला. आमच्या शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "आमी म्हनतच होतो ना म्याडम, आता मशीनच बोलली." मला मनापासून राग आला, आणि तो काढायला कुणी सापडेना.

तायडे सर मनाने वाईट नाहीत. घाबरट आहेत. त्यांनी कबड्डीच्या संघातून कविता राठोडचं नाव काढलं. नववीतली कविता, तांड्यावरची. अंगाने काडी, पण चढाईला गेली की समोरच्या सात जणी मागे सरकायच्या. सगळ्यांत वर गेलेल्या पाऱ्यांत तिचा पारा होता. "मैदानात पोट्टी पडली तं मी कोनाले तोंड दाखवू?" तायडे सर म्हणाले. मानोऱ्याचे सामने तोंडावर आले होते. कविताशिवाय आमचा संघ म्हणजे मीठ नसलेली भाजी, पण ते बोलायची सोय नव्हती, कारण विषय मिठाचाच होता.

डॉक्टर आकडे पुन्हा तपासायला आले तेव्हा वरचे पारे त्यांनी परत बोलावले. मी मुलांना एकेक करून आत सोडत होते. कविता आली, बाही वर केली, दात आवळले आणि डोळे मिटले. पारा वर. डॉक्टरांनी समाधानाने मान हलवून पट्टा सोडला. कविता उठेना. तिने पेटीच्या मागे पाहिलं, मग वाकून टेबलाखाली पाहिलं.

"काय पाह्यतं व?" डॉक्टरांनी विचारलं.

"माही बाटली."

"कोनती बाटली?"

"रक्ताची. दोन खेपा काढलं तुमी. मांगचंबी कोठी ठेवलं असंल ना?" कविता जरा घुटमळली आणि मग तिने एका दमात सांगून टाकलं. "मले खेळू नाई देलं तं राहू द्या साहेब. पन ते रक्त माह्या याडीले द्या. तिले रक्त कमी हाय म्हने. चालताना दम लागते."

याडी म्हणजे आई. मेहरे डॉक्टर गप्प बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. या पोरीला वाटत होतं की आपलं रक्त काढतायत, आणि तरी ती दोन वेळा स्वतःहून दंड पुढे करून बसली होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवशी गावातली मुलं आधी तपासून निघाली. त्यांचा म्होरक्या ओम, सरपंचाचा पुतण्या. तो कोपर दाबून धरत, कण्हत बाहेर आला आणि व्हरांड्यातल्या रांगेला म्हणाला, "रक्त दाबून राह्यले बे. पट्ट्यानं दाबते आन् नळीतून वढते." कुणीतरी खिडकीतून डोकावून पाहिलं. नळी होती, पट्टा होता, काचेत काहीतरी चढतही होतं. "पन ते पांढरं दिसते," रांगेतून शंका आली. ओम म्हणाला, "तुहं रक्त हाय ना ते. भेवानं पांढरं पडलं." शिवाय दारावर मुख्याध्यापकांच्या अक्षरात लिहिलेलंच होतं. आता मी मराठीची बाई. रक्ताचा दाब तो रक्तदाब, षष्ठी तत्पुरुष, हे मीच शिकवते. मुलांनी समास सोडवला तो 'रक्त दाबणे' असा. व्याकरणाच्या अंगाने त्याला पूर्ण चूक म्हणताना माझीही जीभ अडखळली असती.

डॉक्टर आधी हसायला लागले. मग त्यांचं हसू मध्येच थांबलं. कविताला ते म्हणाले, "तुह्या याडीले उद्या दवाखान्यात घेऊन येजो. तिचं रक्त कसं वाढवाचं ते मी पाह्यतो. त्याच्यासाठी दुसऱ्या कोनाचं काढा नाई लागत." ती गेल्यावर त्यांनी पेटीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "देशमुख सराले भेव दाखवून मी पारा नाचवला. आन् व्हरांडाभर पोट्टे भेवानं थरथरून राह्यले, ते मले काहून नाई दिसलं म्याडम?"

"तुम्हाला पेपर दिसत होता," मी म्हटलं.

"मिरची," ते पुटपुटले. पण नाही म्हणाले नाहीत.

पुढच्या खेपेला त्यांनी रांग उलटी केली. तांड्यावरची मुलं आधी, झाडाखाली सतरंजीवर. डॉक्टरांनी त्यांना पट्टा हाताळू दिला, फुगा दाबू दिला, पारा म्हणजे काय ते सांगितलं आणि शेवटी देशमुख सर आणि बकरीची गोष्टही सांगितली. पारा गाईसारखा शांत. इथवर सगळं शास्त्राप्रमाणे झालं. पण मुलं ती मुलं. तपासून निघालेल्या कविताने लाल शाईत कापूस बुडवला आणि कोपराच्या खोबणीत धरून, मैत्रिणीच्या खांद्यावर मान टाकून, गावच्या रांगेसमोरून हळूहळू चालत गेली. मागची मुलंही तशीच. एकाने तर जाता जाता ओमला विचारलं, "तुह्या घरी सांगून आला ना बे?"

ओमच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा पाऱ्याने जी उडी मारली, तशी देशमुख सरांच्या वेळीही मारली नव्हती. "या खेपेले खरंच रक्त काढता का? नका काढू जी, सकाळपासून काई खाल्लं नाई," तो म्हणाला. पाठोपाठचे सगळे तसेच. डॉक्टरांनी बाहेर डोकावून पाहिलं, शाईचा कापूस दिसला, आणि ते पोट धरून सतरंजीवरच बसले. डोळे पुसत त्यांनी तायडे सरांना हाक मारली. "सर, या इकडे. गावचं रक्त गरम झालं. खो-खोच्या टीममधून याइचीबी नावं काढा आता." तायडे सरांना हसावं की घाबरावं कळेना. म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली.

मग एकेकाला एकटं बसवून, रांग न लावता, तिसऱ्यांदा मोजलं. सांगण्यासारखा फरक उरला नाही. "दुसरीकडं असंलही," डॉक्टर म्हणाले. "खानं, मीठ, घरची तंगी, यानं मानसामानसात फरक पडते, कोन नाई म्हनते? पन आपल्या इथला फरक रांगंतला होता. पुढं कोन आन् मांगं कोन, तेवढाच." मी म्हटलं, हाच पेपर वाचा की. ते पेटी उचलून निघाले. त्यांच्या सरांशी फोनवर बोलणं झालं होतं, एवढं मला कळलं. सर म्हणाले होते की पहिला निकालच चांगला आहे, तोच वाच. फरक नाही निघाला हे ऐकायला सभेला कोण बसतं? आणि मानोऱ्यापर्यंत खरंखोटं करायला येणार तरी कोण?

इकडे तायडे सरांनी वेगळीच हरकत काढली. रक्त गरम नाही हे त्यांना पटलं होतं, पण एकदा बसलेली भीती. "मैदानावर डाक्टर हजर असंल तरच पोट्टीले उतरवतो. नाई तं नाई." सामने आणि शहरातली सभा एकाच दिवशी होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "पाहू." आदल्या दिवशी गजाननला ते बाजारात दिसले, नवा सफारी इस्त्रीला टाकताना. गजानन मला म्हणाला, "साहेब पेपर काढते आता म्याडम. कपडे तं पासचेच दिसून राह्यले." मला वाईट वाटलं. कविताला मी काही सांगितलं नाही.

पुढे वर्ष संपायच्या आतच डॉक्टरांची बदली झाली. तेव्हा मी सुट्टीत माहेरी होते, भेट राहून गेली ती राहूनच गेली. त्यामुळे माझ्या मनात ते राहिले आहेत ते मानोऱ्याच्या मैदानावरचे.

सामन्यांच्या सकाळी आमचा संघ पोचला तेव्हा कविता राखीव मुलींत, कोपऱ्यात बसली होती. पहिला अर्धा खेळ तिच्याविना झाला आणि आमची दाणादाण उडाली. तायडे सर दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होते. शेवटी एक काळीपिवळी जीप थांबली आणि मागच्या बाकावरून, दोन पोत्यांच्या मधून, मेहरे डॉक्टर उतरले. अंगात नवा सफारी, त्यावर पिठाचे पांढरे डाग, काखेत पेटी. "शेलूबाजारच्या फाट्यापर्यंत गेलो होतो," ते धापा टाकत मला म्हणाले. "शहराची गाडी समोर उभी होती. मंग म्हटलं, तिथं जाऊन काय वाचू? भेव?" आणि तायडे सरांकडे वळून ओरडले, "आला ना डाक्टर! आता उतरवा पोट्टीले!"

कविता उतरली. तिने काय केलं ते मी नीट सांगू शकणार नाही. मी मराठीची बाई, मला त्यातले डाव कळत नाहीत. एवढं कळलं की गुणांची दरी भरत चालली होती आणि गजानन अनोळखी माणसांना मिठ्या मारत होता. शेवटची चढाई. कविता मधल्या रेषेवर वाकली. नेमका तेव्हाच डॉक्टरांचा फोन वाजला. त्यांच्या सरांचा होता. गोंगाटात ऐकू यावं म्हणून त्यांनी आवाज मोठा केला होता, त्यामुळे मलाही स्वच्छ ऐकू आलं.

"मेहरे, कुठे आहेस? तुझं नाव पुकारलंय. सगळे थांबलेत. निदान तोंडी सांग, मी इथं ऐकवतो. फरक किती निघाला?"

डॉक्टरांचे डोळे मैदानावरून हलले नाहीत. "एका गुनाचा, सर," ते म्हणाले. "आन् आपली पोट्टी आत गेली."

पलीकडून काहीतरी विचारणं चालू होतं. डॉक्टरांनी फोन न तोडता तसाच हात उंच केला आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून ते खुर्चीवर चढले. सगळं मैदान एका आवाजात ओरडत होतं, "कविता! कविता!" डॉक्टरही ओरडत होते. त्या दिवशी शहरातल्या भल्या मोठ्या सभेला पेपराऐवजी कविता ऐकावी लागली.